पट्टाकरवतीचा आवाज व झीज : दोष ओळखण्याची रीत

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे दोन महिने ग्रामीण अवजार-दुरुस्ती केंद्रांना मोठ्या धावपळीचे जातात. तिफणीचे दाते, वखराच्या पासा, कोळप्यांच्या चौकटी, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचे आडवे अँगल, ट्रॉलीच्या तुटलेल्या पट्ट्या ही सर्व कामे ह्याच सुमारास एकदम येतात, आणि त्यांतील बहुतेकांचा आरंभ लोखंड मापात कापण्यापासून होतो. छिन्नी-हातोडा व हातकरवत यांची जागा आता पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणाऱ्या पट्टाकरवतीने घेतली आहे. कारागीर तिला 'बँडसॉ' म्हणतात. हे यंत्र ऐन वैशाखात बंद पडले, तर केवळ केंद्राचे उत्पन्न बुडते असे नाही. पाऊस होऊन शेतात वाफसा आला तरी गावातील तिफणी केंद्राच्या आवारात पडून राहतात आणि पेरणीचे दिवस हातचे जातात.

पट्टाकरवत सहसा अकस्मात बंद पडत नाही. बिघाडापूर्वी कित्येक आठवडे तिच्या आवाजात फरक पडलेला असतो. परंतु कारखान्यात ऐरणीचा, ग्राइंडरचा व वेल्डिंगचा गोंगाट चालू असल्यामुळे तिकडे लक्ष जात नाही. गेलेच तर दुसऱ्या टोकाची चूक होते : आवाज कोठून येतो हे न पाहता प्रथम पाते बदलले जाते, मग बेअरिंगे बदलली जातात, आणि खरा दोष गिअरपेटीत तसाच राहतो. प्रस्तुत लेखात हा दोष क्रमाने कसा शोधावा व झीज कशी ओळखावी, याचे विवेचन केले आहे.

यंत्राची रचना साधी आहे. दोन चाकांवरून पोलादी पात्याचे अखंड कडे फिरते. त्यांपैकी एक चाक गिअरपेटीला जोडलेले असते व तेच पात्याला ओढते. दुसरे मोकळे असून पात्याचा ताण त्याच्याच साह्याने कमी-अधिक करता येतो. मोटरची गती प्रथम व्ही-पट्ट्याने व नंतर गिअरपेटीतील वर्म व वर्म-चक्र यांनी कमी केली जाते. वर्म म्हणजे मळसूत्रासारखा आटे असलेला कठीण पोलादी दंड. वर्म-चक्र बहुधा ब्रॉन्झचे असते. चाकांवर पाते आडवे पडलेले असते. कापण्याच्या जागी ते उभे धरण्यासाठी त्याला पीळ द्यावा लागतो, आणि तो पीळ देण्याचे काम शेगड्याच्या दोन्ही बाजूंस असलेली छोटी मार्गदर्शक बेअरिंगे करतात. यंत्रातील सर्वांत कष्टाची जागा तीच होय.

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे आवाजाचे क्षेत्र अर्ध्यावर आणणे. यासाठी हत्यारांची फारशी गरज नाही. आवाज फक्त लोखंड कापतानाच येतो की यंत्र मोकळे फिरतानाही येतो, हे प्रथम पाहावे. केवळ कापतानाच येत असेल, तर दात्यांची निवड, गती, दाब किंवा शेगड्यातील पकड यांत दोष असण्याचा संभव अधिक. मोकळे फिरतानाही येत असेल, तर विजेचे बटण बंद करून प्लग काढावा, पाते उतरवावे, झाकणे लावून यंत्र पुन्हा थोडा वेळ चालवावे. मोकळे चाक पात्याच्या ओढीनेच फिरत असल्याने पाते काढल्यावर ते स्थिर राहते, मार्गदर्शक बेअरिंगेही स्थिर राहतात. आवाज थांबला, तर दोष पाते, मार्गदर्शक किंवा मोकळे चाक या तिघांपैकी एकात आहे. आवाज चालूच राहिला, तर मोटर, व्ही-पट्टा, गिअरपेटी व ओढणारे चाक एवढीच मंडळी उरतात. त्यानंतर पुन्हा प्लग काढून व्ही-पट्टा उतरवावा व मोटर एकटीच चालवावी. अशा तीन प्रयोगांनी, एकही भाग न बदलता, पाऊण तासाच्या आत शोधाची जागा हातभर अंतरात येते. मात्र गिअरपेटीतील काही दोष भार नसताना दबून राहतात, हे ध्यानात ठेवावे. त्यांचा विचार पुढे केला आहे.

दुसरी पायरी आवाज मोजण्याची आहे. ही रीत फारशी वापरात नाही, पण तिच्याइतका नेमका पुरावा दुसरा नाही. यंत्रातील प्रत्येक भाग निरनिराळ्या गतीने फिरतो. म्हणून 'टक्' असा ठोका किती वेळाने परत येतो, यावरून तो कोणाचा हे सांगता येते. उदाहरणार्थ, लहान पट्टाकरवतीचे पाते सुमारे १,६४० मि.मी. लांबीचे असते. चाकाचा व्यास १८५ मि.मी. धरल्यास त्याचा परीघ सुमारे ५८० मि.मी. होतो. पात्याची गती मिनिटास २४ मीटर असेल, तर पाते मिनिटात सुमारे १५ फेरे करील, म्हणजे एक फेरा ४ सेकंदांनी पुरा होईल; चाक त्याच वेळात मिनिटास ४१ फेरे, म्हणजे दर दीड सेकंदास एक फेरा करील. तेव्हा ठोका ४ सेकंदांनी येत असेल तर तो पात्याचा, आणि दीड सेकंदाने येत असेल तर चाकाचा अथवा चाकाच्याच दंडावर बसविलेल्या वर्म-चक्राचा समजावा. वर्म, व्ही-पट्टा व मोटर इतक्या वेगाने फिरतात की त्यांचे ठोके मोजता येत नाहीत. ते घरघर, फडफड किंवा गुणगुण या रूपाने ऐकू येतात. आपल्या यंत्राच्या पात्याची लांबी व चाकाचा परीघ फितीने एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवावा. गती निराळी असली तरी प्रमाण बदलत नाही : वरील यंत्रात पात्याच्या एका फेऱ्यात चाकाचे पावणेतीनपेक्षा किंचित अधिक फेरे होतात.

ठोका पात्याचा आहे असे ठरल्यास प्रथम जोड पाहावा. पात्याचे कडे पट्टी वाकवून व टोके वितळवून जोडलेले असते, आणि पट्टाकरवतीच्या इतिहासात हाच जोड सर्वांत अवघड ठरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी या करवतीचे पेटंट घेतले होते. परंतु टिकाऊ जोड साधत नसल्यामुळे ती अनेक वर्षे व्यवहारात येऊ शकली नाही. पुढे १८४६ मध्ये फ्रान्समधील आन पोलिन क्रेपँ या बाईंनी जोडाची चांगली पद्धत काढल्यावर तिचा प्रसार झाला. आजही जोड जाड राहिला किंवा दोन टोके सरळ रेषेत नसली, तर मार्गदर्शकांतून जाताना प्रत्येक फेऱ्यात एक ठोका बसतो. जोडाजवळ खडूची खूण करावी व यंत्र सावकाश गतीवर ठेवून खूण मार्गदर्शकाजवळ येते त्याच क्षणी आवाज येतो काय, हे बाजूने पाहावे. येत असल्यास यंत्र बंद करून पाते उतरवावे व जोडाची जाडी दगडाने किंवा बारीक ग्राइंडरने पात्याइतकी करावी. जोड वाकडा असेल तर घासून उपयोग नाही. तो कापून पुन्हा जोडावा लागतो. खूण एका जागी आणि ठोका दुसऱ्याच जागी येत असेल, तर तेथे दाते तुटले आहेत की काय हे तपासावे. तुटलेला दाता कापलेल्या चिरेतच अडकून राहिलेला असतो. तो काढून टाकल्याशिवाय पुढे कापू नये, आणि नवे पाते जुन्या चिरेत कधीही उतरवू नये. दुसऱ्या बाजूने नवी चीर पाडावी.

सतत येणारा खरखरीत घासल्याचा आवाज निराळा. तो बहुधा चाकाच्या कडेचा असतो. पट्टाकरवतीच्या चाकाला मागील बाजूस उंच कड असते व पात्याची पाठ तिच्या अगदी जवळून जावी अशी योजना असते. ती तिला घासत राहावी अशी मात्र नाही. मोकळ्या चाकाचा कल बिघडला की पाते मागे सरकते व कड खाऊ लागते. अशा वेळी चाकाखाली करड्या रंगाचा बारीक चुरा पडलेला दिसतो, पात्याची पाठ आरशासारखी चकाकते, व तिला एका अंगास धार येते. कड एकदा कुरतडली गेली की नव्या पात्यालाही ती तेथेच ओढते. ह्यावर उपाय चाकाचा कल सुधारणे हाच. कलाचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये व प्रत्येक वेळी पाते काही फेरे फिरू देऊन मग पाहावे. घाईने अर्धा-पाऊण फेरा फिरविल्यास पाते चाकावरून उतरते. पात्याचा ताण आधी बरोबर करावा, कल नंतर. कारण ताण बदलला की कलही बदलतो.

मार्गदर्शक बेअरिंगांचा आवाज कर्कश, किंचाळल्यासारखा असतो. लोखंडाचा कीस आत शिरून एखादे बेअरिंग अडकते, ते फिरेनासे होते, पाते त्याच्यावर घासत राहते व थोड्याच दिवसांत त्याच्या बाहेरील कड्यावर सपाट चर पडतो. यंत्र बंद करून प्रत्येक बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. खडखड किंवा अडखळ जाणवल्यास ते बदलावे. बदलताना दोन्ही अंगांस रबरी झाकण असलेलेच घ्यावे, उघडे स्वस्त पडले तरी घेऊ नये, कारण ह्या जागी कीस टाळता येत नाही. पाते व बाजूची बेअरिंगे यांत जेमतेम कागदाच्या जाडीची फट असावी. पुष्कळ यंत्रांत ही फट साधण्यासाठी जोडीतील एका बेअरिंगचा दंड केंद्रापासून किंचित सरकवून केलेला असतो. दंड फिरविला की बेअरिंग पात्याच्या जवळ किंवा दूर जाते. फट मोठी राहिल्यास पाते हेलकावते, काप तिरका जातो व थरथर सुरू होते. फटच न ठेवल्यास बेअरिंगे तापतात. मार्गदर्शकांचे हात शेगड्यातील लोखंडाच्या शक्य तितके जवळ आणावेत. हातभर अंतरावर ठेवलेल्या मार्गदर्शकांमध्ये दोन इंची सळई कापणे म्हणजे पात्याला मुद्दाम वाकविणेच होय.

आता गिअरपेटीकडे वळावे. पट्टाकरवतीच्या दुरुस्तीत सर्वांत खर्चिक व ऐन हंगामात सर्वांत उशिरा मिळणारा भाग म्हणजे वर्म-चक्र. साध्या दंतचक्रांचे दाते बव्हंशी एकमेकांवर लोळतात. वर्मचे आटे मात्र चक्राच्या दात्यांवरून सतत घसरतात. ह्या घसरण्यामुळे उष्णता व झीज अधिक होते, आणि म्हणूनच एक भाग कठीण पोलादाचा व दुसरा त्याहून मऊ ब्रॉन्झचा ठेवण्याची पद्धत आहे : झिजावयाचे तर चक्राने झिजावे. मध्ये तेलाचा थर टिकला तर हे चक्र वर्षानुवर्षे चालते. तेल कमी झाले किंवा पातळ पडले, तर दाते सुरीच्या पात्याप्रमाणे बारीक होत जातात व एखाद्या दिवशी जाड सळई कापताना सर्वच्या सर्व सोलून निघतात. त्यानंतर मोटर फिरते आणि पाते जागचे हलत नाही.

ही झीज आधी कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तेलाचा. पेटीतील थोडे तेल पांढऱ्या बशीत काढून उन्हात पाहावे. नव्या यंत्रात पहिल्या काही दिवसांत सोनेरी झाक असलेली अगदी बारीक चमक दिसणे स्वाभाविक आहे. दाते एकमेकांत बसत असतात. ते तेल लवकर बदलून पेटी धुवावी. परंतु पुढेही चमक येतच असेल, किंवा नखाला लागतील असे कण दिसत असतील, तर दाते खाल्ले जात आहेत. बशीखालून लोहचुंबक फिरवावे. त्यामागे सरकणारे कण पोलादाचे, म्हणजे वर्मचे किंवा बेअरिंगांचे. जागेवर राहणारे पिवळसर कण वर्म-चक्राचे. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात थंड करण्याचे पाणी शिरले आहे व दंडाभोवतीचे सील गेले आहे.

दुसरा मार्ग हाताचा. प्लग काढून व पाते उतरवून वर्मची कप्पी एका हाताने घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने ओढणारे चाक मागे-पुढे हलवून पाहावे. थोडी मोकळीक असणे आवश्यकच आहे. मग कप्पी फिरवून चाक अष्टमांश फेऱ्याने पुढे न्यावे व पुन्हा पाहावे. याप्रमाणे आठ ठिकाणी खडूने खुणा करीत जावे. मोकळीक सर्वत्र सारखी वाढलेली असेल तर झीज एकसारखी आहे आणि योग्य तेल घातल्यास एखादा हंगाम निभावण्यास हरकत नाही. एकाच ठिकाणी ती अधिक असेल, तर तेथील दाता दुखावलेला आहे. भाराखाली चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एक ठोका येतो तो ह्याचाच. असे चक्र फाल्गुनातच मागवावे. कप्पी धरूनही वर्मचा दंड लांबीच्या दिशेने मागे-पुढे सरकत असेल, तर दोष दात्यांचा नसून दंडाच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगचा किंवा तेथील पातळ चकत्यांचा आहे, आणि तो थोडक्या खर्चात दूर होतो. चाकाची चावी किंवा कप्पीचा स्क्रू सैल असला तरी असाच ठोका ऐकू येतो. गिअरपेटी उघडण्यापूर्वी हे दोन्ही आवळून पाहावेत.

तेलाविषयी एक सूचना अवश्य आहे. पेटीत इंजिनमधून काढलेले जुने तेल किंवा ग्रीस भरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. जुन्या तेलात काजळी व धातूचे कण असतात. ग्रीस दात्यांच्या वाटेतून बाजूला सरते व परत येत नाही. वर्म-चक्राला जाड तेल लागते. यंत्राच्या पुस्तिकेत दुसरे काही सांगितले नसल्यास आयएसओ व्हीजी ४६० प्रतीचे वर्म-गिअरसाठी असलेले तेल घ्यावे. अतिदाब सहन करण्यासाठी गंधकयुक्त रसायने मिसळलेली काही गिअर-तेले तापल्यावर ब्रॉन्झसारख्या पिवळ्या धातूंस खातात. म्हणून डब्यावर पिवळ्या धातूंस सुरक्षित असा उल्लेख आहे काय, हे दुकानातच वाचून घ्यावे.

मोटरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. व्ही-पट्टा उतरवूनही घरघर राहिली तर तिची बेअरिंगे गेली आहेत. मात्र मोटर जड आवाजात गुणगुणते व सुरू होताना अडते, तेव्हा प्रथम विजेचा दाब मोजावा. गावात कृषिपंप चालू असण्याच्या वेळी तो पुष्कळ उतरतो, आणि निष्कारण मोटर उघडली जाते.

केवळ कापताना येणाऱ्या आवाजाचे कारण बहुधा दात्यांत असते. कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते असावेत, हा जुना नियम आहे. भरीव लोखंडात ६ ते १२ असले तर उत्तम. इंचास १४ दाते असलेले पाते ६ मि.मी. जाडीत तीनच्या वर दाते ठेवते, म्हणून ते अँगल व जाड पाइपांस चालते. त्याच पात्याने ५० मि.मी. भरीव सळई कापू गेल्यास २७-२८ दाते एकदम आत असतात. त्यांच्यामधील खाचा कीसाने भरून जातात, पाते कापण्याऐवजी घासते आणि किंचाळते. उलट इंचास ६ दात्यांचे पाते पातळ पत्र्यावर लावल्यास दाते धडाधड तुटतात. अँगल शेगड्यात धरताना त्याचा कोपरा वर व दोन्ही पाखे छपराप्रमाणे उतरती ठेवावीत, म्हणजे पात्याला सपाट पाख अकस्मात आडवी येत नाही. दाब बरोबर आहे की नाही हे कीसच सांगतो. कोमट व वळलेला कीस निघावा. पिठासारखा चुरा पडला तर दाब कमी आहे; निळा पडलेला जाड कीस अति दाबाची किंवा अति गतीची खूण होय. थरथर होत असल्यास गती एक टप्पा बदलून पाहावी, पुष्कळदा तेवढ्यानेच ती थांबते. नव्या पात्याला पहिले ३०० ते ६०० चौ. सें.मी. काप, म्हणजे ५० मि.मी. सळईचे १५ ते ३० तुकडे, निम्म्या दाबाने काढू द्यावेत. थंड करण्याचे द्रावण बनविताना पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. उलट केल्यास ते फाटते.

ग्रामीण केंद्रांत पात्यांचा सर्वाधिक नाश एका विशिष्ट मालामुळे होतो. वखराची पास करण्यासाठी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. हे पोलाद पाणी दिलेले असते व ते साध्या लोखंडाप्रमाणे शेगड्यात धरले की नवे पातेही काही मिनिटांत बोथट होते. रोटाव्हेटरची पातीही तशीच कठीण. असा माल कापण्यापूर्वी त्यावर कानस फिरवून पाहावी. कानस चावली नाही व घसरली, तर तो तुकडा भट्टीत लाल करून राखेत किंवा चुन्यात पुरावा, रात्रभर सावकाश निवू द्यावा आणि मगच सर्वांत कमी गतीवर कापावा. पास घडवून झाल्यावर लोहार तिला पुन्हा पाणी देतोच.

तपासणी करताना प्लग काढलेला असावा आणि पाते हाताळताना चामडी मोजे घालावेत. यंत्र चालू असताना मात्र मोजे, उपरणे, सैल बाही यांपैकी काहीही पात्याजवळ नसावे. दात्यात अडकलेला मोजा हात सोडवून घेण्यास वेळ देत नाही. कीस काढावयाचा तो ब्रशाने, यंत्र थांबवून.

पेरणी सुरू झाली की पट्टाकरवतीला विश्रांती मिळते. त्या वेळी पात्याचा ताण सैल करावा, चाकांवरील कीस पुसून काढावा, उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हात फिरवावा. कोकणात व घाटमाथ्यावर हे दर पंधरवड्यास करणे इष्ट. पावसाळ्यानंतर यंत्र प्रथम चालविताना व्ही-पट्टा धपधप आवाज करतो, कारण महिनोन्महिने एकाच जागी वाकून राहिल्याने त्याला पोक आलेला असतो. पाच-दहा मिनिटांत तो आवाज आपोआप विरतो. न विरल्यास पट्टा उलटा वाकवून आतील अंगास भेगा पडल्या आहेत काय ते पाहावे व असल्यास तो बदलावा.